शेवटची ओळ सोडून

नाथन तिसऱ्यांदा त्याच शब्दावर अडखळला आणि दाविदभाऊंनी त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

समोर मुश्ताकच्या एसटीडी बूथमधल्या टीव्हीवर शारजाची मॅच रंगात आली होती. अर्ध्या अहेरीची पोट्टी तिथं गोळा झाली होती. आणि मिल्काचं एकुलतं एक लेकरू इथं छपरीत, एप्रिलच्या उकाड्यात आजोबांपुढं मांडी घालून घाम पुसत बसलेलं. स्वयंपाकघरातून तिनं चार वेळा डोकावून पाहिलं. शेवटी राहवेना, सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, सोडा न त्याले. सोमवारपासून सातवीचे पेपर आहेत."

"सोडतो पोरी. एवढी ओळ होऊ दे."

ती ओळ कद्दीशची होती. यहुदी घरात माणूस गेलं की जवळचे गळ्याशी कपडा फाडतात, भुईवर बसतात; आणि बाप नाहीतर माय गेली असेल तर मुलानं उभं राहून ही प्रार्थना म्हणायची.

दाविदभाऊंचे वडील जंगल खात्याच्या नोकरीत कोकणातून इकडं आले आणि इथलेच झाले. अहेरीत यहुदी घर हे एकच. म्हाताऱ्यानं नातवाला हिब्रू अक्षरं शिकवली, शेमा ही रोजची प्रार्थना पाठ करून घेतली, शुक्रवारी दिवा लावल्यावर मनुकांच्या सरबतावर म्हणायचा किद्दूश शिकवला. मिल्काला त्याचं कोण कौतुक! हा विसरला की अहेरीतून सगळंच पुसलं जाणार, हे तिलाही कळत होतं. पण कद्दीश? बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी मरणाची प्रार्थना? तिचा नवरा एझ्रा बँकेच्या ट्रेनिंगला तीन महिने मुंबईला गेला होता. घरात तो नाही म्हणून म्हाताऱ्याला रान मोकळं मिळालं, असं तिला वाटे.

"माझी आई सांगे," ती म्हणाली, "ज्याचे मायबाप जिते आहेत त्यानं कद्दीश तोंडात घेऊ नये."

"म्हणून तर पुरं म्हणू देत नाई. शेवटची ओळ सोडूनच म्हणायले लावतो. ती वेगळ्या दिवशी शिकवली."

नाथननं मान वर केली. "आजोबा, यात मरणाचं नावच नाई. मग माणूस मेल्यावर काऊन म्हणतात?"

"ज्याचं माणूस गेलं, त्याच्याच तोंडून देवाचं नाव मोठं व्हावं म्हणून."

"पण पप्पाले येते न कद्दीश? तुमच्यासाठी तर पप्पाच म्हणतील."

दाविदभाऊ चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. "त्यालेही मीच शिकवला," ते म्हणाले. "तुझ्याएवढाच होता तो."

शुक्रवारी दुपारी एझ्राचा फोन आला. मिल्का पदर सावरत बूथवर धावली.

"आवाज काऊन बसला तुमचा?"

"मुंबईचं पाणी. जेवली?"

"जेवली. तुम्ही जेवता का नाई वेळेवर? जातानाच पँट ढिली होऊन राह्यली होती तुमची. अन् घड्याळ इथीच ठेवून गेले, तर नाथन ते घालूनच झोपते रोज."

"घालू दे. इथी चोरीले गेलं असतं." मग त्यानं विचारलं, "शिकून राह्यला न तो बाबांजवळ?"

मिल्काचं टाळकंच सरकलं. "अगबाई, तुम्हीही तेच? तुमच्या बाबाले मरायची घाई झाली, अन् तुम्ही त्यांचीच री ओढा!"

तो म्हणाला, "शिकू दे, मिल्का. माझ्यासाठी. नाई म्हणू नको."

घरी येऊन तिनं सगळा राग म्हाताऱ्यावर काढला. "स्वतःच्या मरणापायी कोवळ्या पोराचा जीव काऊन खाता, मामाजी? अन् इथी दहा यहुदी माणसं तरी कुठून आणणार? दहा उभे असल्याबिगर कद्दीश होते का?"

"मुंबईले मिळतात दहा माणसं."

"म्हणजे तुम्हाले माती मुंबईचीच पाहिजे! मंग तुमचा पोरगा आहे न तिथं, तो म्हणल! धडधाकट पोरगा असताना नातवाले काऊन रडवता?"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, पण तोंडाला लावलं नाही. "वेळेवर लेकराची धांदल नको व्हायले," एवढंच बोलले.

मिल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीच्या माणसाला काय नाही ते बोलून गेली होती. संध्याकाळी तिनं दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली, आणि नाथनला आपणच हाक मारली. "जाय, बस आजोबांजवळ. आज अडखळू नको." त्या दिवसापासून तिनं एक शब्द काढला नाही. नाथनही आता न अडखळता म्हणू लागला होता, शेवटच्या ओळीपर्यंत.

पेपर संपले त्या दुपारी मुश्ताक स्वतः धावत आला. "चाचा, मुंबईवरून फोन आहे. तुम्हालेच बोलावलं."

मिल्का भाकरी थापत होती. खिडकीतून तिला म्हातारा दिसत होता. रिसीव्हर कानाला, तोंडातून शब्द नाही. मग त्यांनी बूथचा खांब धरला. लाइन कटली असेल, असं वाटून ती पुन्हा पिठाकडे वळली.

दाविदभाऊ परत आले. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, देववचनाच्या त्या डबीला, हात लावून तो हात त्यांनी ओठांना लावला. खुर्ची मोकळी होती, पण ते भुईवरच बसले.

"काय म्हणे ते? कधी येऊन राह्यले?" मिल्कानं विचारलं, आणि तिची नजर त्यांच्या शर्टावर गेली. गळ्याजवळ चांगला वीतभर फाटला होता. "अगबाई, शर्ट कुठी अडकला तुमचा?"

दाविदभाऊंनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी नाथनला जवळ बोलावलं, त्याच्या मनगटावरचं घड्याळ उगाच सरळ केलं.

"पुस्तक राहू दे, बाळा. उभा राह्य," ते म्हणाले. "आज पुरं म्हण. शेवटच्या ओळीसकट."