शनिवारचा अर्धा तास

पैज लागली ती जिन्यात, आणि लावली कुलगुरूंच्या गाडीच्या ड्रायव्हरने. महिनाभरात ज्याचा कचरा सगळ्यात जास्त भरेल त्याने डोक्यावर डबा घ्यायचा, इमारतीतल्या एकूण एक दाराची बेल वाजवायची आणि जो कुणी दार उघडेल त्याला सांगायचं, माझा कचरा सगळ्यात जास्त. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची इमारत. अकरा बिऱ्हाडं. अकराही हसत हसत तयार झाली. पंच म्हणून सगळ्यांनी गच्चीवरच्या खोलीतल्या मुलीकडे बोट दाखवलं, कारण रोज सकाळी डबे तीच मोजायची.

ती विद्यापीठाची फेलो होती. कॅम्पसवरचा कचरा कमी कसा होईल याचा अभ्यास करायचा आणि त्याचं मानधन घ्यायचं. आईला तिने पर्यावरणाचं काम म्हणून सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त हे पर्यावरण रोज सकाळी सातला हातमोजे घालून काट्याच्या हुकाला लटकवावं लागायचं. इमारतीत तिला काटेबाई म्हणायचे. नाव कुणी विचारलंच नव्हतं. डबे रात्रीच दाराबाहेर ठेवलेले असत. ती वजन करायची, दार किलकिलं व्हायचं, आतून ‘किती?’ यायचं, आकडा ऐकला की दार बंद. पाच महिने तिचं माणसांशी बोलणं ग्रॅममध्ये चाललं होतं.

नियम एक होता. ज्या घराचा डबा मर्यादेच्या वर जाईल, तिथे शनिवारी अर्धा तास बसून समजावून सांगायचं. पैजेच्या महिन्यातल्या शेवटच्या आठवड्यात अकराच्या अकरा घरं मर्यादेत आली तर फेलोशिप वर्षभर वाढणार होती. एक जरी घर वर राहिलं तर गाशा गुंडाळायचा.

पैजेने कमाल केली. दहा डबे भराभर हलके झाले. ड्रायव्हर तर, आमच्या हिने भाजीची देठंसुद्धा सोडली नाहीत, असं ज्याला त्याला अडवून सांगायचा. फुगत चालला एकच डबा, पहिल्या मजल्यावरच्या बाइंडरकाकांचा. काका ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवायचे. तिथे एकटे, घरीही एकटेच. माणूस मूठभर, आणि डबा खानावळीचा.

मग काय, दर शनिवारी ती काकांकडे. काकांनी आधीच दोन कप मांडून ठेवलेले असत. ती ओला-सुका सुरू करायची, ते मान डोलवायचे, आणि पाचव्या मिनिटाला गाडी भलत्याच रस्त्याला. कोणत्या प्राध्यापकाने पानात खूण म्हणून कंगवा ठेवला होता, कोणत्या पुस्तकात वाळलेल्या चपातीचा पापुद्र्याएवढा तुकडा सापडला. एकदा त्यांनी तिला पुस्तक शिवायची गाठ शिकवली, तिला ती जमली नाही, आणि त्यावर दोघं पोट धरून हसली. अर्ध्या तासाचा दीड तास व्हायचा. वहीत ती अर्धाच लिहायची.

तिसऱ्या शनिवारी तिच्या सरांचा निरोप आला, की एकच घर अडलंय, काय ते निस्तर. तिने कप खाली ठेवला.

“काका, तुमच्या डब्यात बाळाचे डायपर कसे निघतात?”

काकांनी एकेक करून सगळं सांगून टाकलं. पहाटे पाचला उठायचं, सगळ्यांच्या डब्यांतलं मूठमूठ उचलायचं, आपल्या डब्यात भरायचं. डबा हलका राहिला असता तर शनिवारी कोण आलं असतं? दहा घरं ज्या काटकसरीचा तोरा मिरवत होती, ती काटकसर हे काका पिशवीत घालून घरी नेत होते.

“आजपासून बंद. तुझं काम जायला नको,” काका म्हणाले. “पण पोरी, तुला हे कळलं कधी?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

तिने कप पुन्हा तोंडाला लावला. तो कधीचा रिकामा होता.

शेवटच्या आठवड्यात काकांचा डबा इतका हलका झाला, की काट्यालाही तो जाणवेना. बाकीचे थोडे थोडे चढले, पण मर्यादेतच राहिले. अकराच्या अकरा. फेलोशिप वाढली. आता समजावून सांगण्यासारखं एकही घर उरलं नाही. त्या शनिवारी ती खोलीत बसून अहवाल लिहीत होती. चहा तिने दोनदा गरम केला आणि तसाच ओतून दिला.

रविवारी जिन्यात निकाल लागला. महिन्याच्या बेरजेत काका सगळ्यांना भारी पडले. त्यांनी कुणाचंही बिंग फोडलं नाही. ड्रायव्हरने डबा त्यांच्या डोक्यावर चढवला, तोल सावरून दिला, आणि अख्खी इमारत मागून निघाली. पंचाचं काम झालं होतं. थांब, असं कुणी म्हणालं नाही. ती वर निघून गेली.

दार लावून ती ऐकत बसली. तळमजल्यावरची बेल चिवचिवली, मग हशा. पहिल्या मजल्यावरची किणकिणली, मग त्याहून मोठा हशा. ड्रायव्हरची बेल सर्दी झाल्यासारखी वाजली आणि त्याची बायको आतून काकांना काहीतरी बोलली, त्यावर तर जिनाच हलला. मग दहा घरं झाली. झालं काका, उतरा आता, असं ड्रायव्हर सांगत होता. काका ऐकेनात.

थोड्या वेळाने कुठलीशी बेल वाजली. बारीक, घोगरी, कधी न ऐकलेली. कुणाची बरं ही, तिला कळेना. ती पुन्हा वाजली. कुणी उघडत नव्हतं. मग अगदी जवळून डबा खडखडला, मागून बरीच पावलं धापा टाकत येऊन थांबली, आणि दाराच्या फटीतून काकांचा आवाज आला, “माझा कचरा सगळ्यात जास्त.”

आपल्या दारालाही बेल आहे, हे तिला पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं.