सरावाचं भांडण

“पोरगी माझ्याकडेच राहील,” लुझ म्हणाली आणि हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या.

भांडण सरावाचं होतं. इलोइलो शहरातल्या त्या हॉलमध्ये समाजकल्याण खात्यातली माणसं आठवडाभर एकच विद्या शिकत होती: आईबाप वेगळे झाले की मूल कुणाकडे द्यावं, याचा कोर्टासाठी अहवाल कसा लिहायचा. आज पुरीता मॅडमनी एक बनावट प्रकरण दोन चिठ्ठ्यांवर लिहून आणलं होतं. आईबापाचं सोंग घ्यायला त्यांनी लुझ आणि तेओ यांना उभं केलं. दोघं खरेच नवरा-बायको, एकाच कचेरीत कामाला. तुम्हाला वेगळी तालीम नको, मॅडम म्हणाल्या आणि सगळे खिदळले.

हसली नाही ती जेनलिन. अहवाल तिला लिहायचा होता, आणि आधीचे दोन तिने घालवले होते. एकात तिने लिहिलं होतं, ‘आईच्या डोळ्यांत पश्चात्ताप दाटला होता.’ मॅडमनी विचारलं होतं, किती दाटला ते तू कुठल्या चमच्याने ढवळून पाहिलंस? डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. पदरचं घालायची हौस असेल तर रेडिओसाठी नाटकं लिही. तिसराही गेला तर कोर्टातली नेमणूक हुकणार आणि जेनलिन पुन्हा बेटावर मदतीच्या तांदळाच्या पिशव्या वाटत बसणार, हे ठरलेलं होतं. म्हणून आज ती मान खाली घालून शब्दाला शब्द उतरवून घेत होती.

चिठ्ठ्या हाती देऊन मॅडम जेवणाचं बघायला बाहेर गेल्या होत्या आणि इकडे रंग चढला होता. तू दुबईला होतीस तेव्हा तिच्या वेण्या कोण घालत होतं, असं तेओने विचारलं. घालत होतास, पण वाकड्या, लुझ म्हणाली. नऊ वर्षांची पोर, शाळेतल्या पोरी हसायच्या तिला. मागच्या बाकावरून कुणीतरी तेओला कंगवा देऊ केला. पुन्हा हशा पिकला. मग लुझचा आवाज चढला.

“ताप आला की ती माझ्याकडे येत नाही. तुझा शर्ट शोधत घरभर फिरते. मला काय वाटत असेल?”

“आणि शाळेत बक्षीस मिळालं की आधी तुला फोन लावते,” तेओ म्हणाला. “मी शेजारीच बसलेला असतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. यांना मनिलाला सिनेमात पाठवा, असंही कुणी म्हणालं. तेवढ्यात मॅडमच्या मागोमाग पान्सितची ताटं आली आणि सगळे शेवयांवर तुटून पडले. लुझ ताट घेऊन खिडकीशी गेली, तेओ दाराशी. जेनलिनने एका हाताने खात अहवाल पुरा केला. एक विशेषण नाही, एक उसासा नाही. शेवटी शिफारस लिहिली तीही दोन ओळींत. आपल्याच लिखाणाचं तिला कौतुक वाटलं.

मॅडमनी तो वाचला. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“तू काही सुधारायची नाहीस, बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या चिठ्ठीत चार वर्षांचा मुलगा आहे. ही नऊ वर्षांची मुलगी कुठून आणलीस? दुबई कुठली? वेण्या, शर्ट, फोन... यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही.”

“मीही पदरचं घातलेलं नाही, मॅडम,” जेनलिन म्हणाली. “ऐकलं तेवढंच उतरवलंय.”

पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. तेओ ताटात बघत होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. कंगवा देणाऱ्याने तो गुपचूप खिशात टाकला. मॅडमनी पेन काढलं, कागदाच्या कोपऱ्यात ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि कागद जेनलिनला परत दिला.

जेनलिनला आनंद करायचंही सुचलं नाही. लुझ तिच्यापाशी येऊन उभी होती, हातातलं ताट भरलेलंच.

“जेनलिन,” ती हळूच म्हणाली, “शेवटी काय लिहिलंयस? आमची पोर कुणाकडे राहील?”