पाचव्यांदा पडलेली गाडी

महाराजपूरच्या खडकाळ माळावर शैलजाची मोटारसायकल पाचव्यांदा आडवी झाली. प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दीदी, जो गिराए, वही उठाए. हिम्मत वहीं से आती है." पण चारही वेळा तिच्याआधी नवराच धावला होता. गाडी उभी करायचा, "तुझ्यानं नाही व्हायचं, सावलीत बस" म्हणून स्वतःच एक चक्कर मारून यायचा. आताही तो धावत आला. "सरक, कंबर जाईल तुझी!" शैलजाचं डोकंच फिरलं. "हात लावू नका! तुमचे बाबा सहा वर्षं अंथरुणावर होते, रोज मीच उचलत होती. तेव्हा माझी कंबर काहून नाही आठवली?" तिने गाडीकडे पाठ केली, गुडघे वाकवले, एक हात हँडलला, दुसरा सीटखाली घातला, आणि बाबांना उचलायची तशीच गाडी उचलली. "आता तुम्ही बसा सावलीत," म्हणत तिने किक मारली.