डोक्यावरून कान

"डोक्यावरून हात कानाला लागला की पोर सहाचं झालं," असं म्हणत मास्तर दर जूनला धुरपताला शाळेतून परत पाठवायचे. पोलिओनं तिचा उजवा हात लुळा पडला होता. बाप नागनाथनं डावा पुढं केला, तर म्हणाले, "शाळेची सुरुवात डाव्या हातानं करतोस व्हय?"

लुळा खांदा हाडाला हाड जोडून ताठ करायच्या ऑपरेशनलाही डॉक्टरांनी पोरगी मोठी होईस्तोवर चार वर्षं थांबवलं. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, धुरपता उजव्या हातानं घास खायला लागली. कानाला मात्र हात लागेना.

वैतागलेल्या नागनाथनं दवाखान्याचा कागद मास्तरांपुढं आपटला. "हात ह्याच्या वर जाणार न्हाई. तुमीच वाचा!"

मास्तरांनी वाचला.

"वय अकरा? अरे, मग हिला पहिलीत कसं घेऊ?"