हाकेचा शेवट

"मोबाइलवर नको, हाक मारून विचारत जा," एकटी राहणारी काकी म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

आमच्या पाड्यावर घरं वेगवेगळ्या टेकड्यांवर. सकाळी हाक मारली की आमच्या पावरी बोलीत उत्तर येतं, 'बरी आहे.' ते सगळेच म्हणतात. सूर शेवटी वर गेला तर खरंच बरी. खाली पडला तर लगेच त्या घरी धावायचं. पण माझ्या हाकेनं माझं तान्हं बाळ दचकायचं, म्हणून काकीला मोबाइलवर वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवायला शिकवलं.

"जन्मभर कागदावर अंगठाच दिला. आता तूही तोच माग," ती म्हणाली.

तीन दिवस अंगठे वेळेवर आले. चौथ्या दिवशी बाळ आधीच रडत होतं, म्हणून हाक मारली. 'बरी आहे' आलं. सूर पार दरीत गेला.

बाळाला झोळीत घेऊन पळाले. काकी चुलीपाशी पडलेली, पाय मांडीपर्यंत सुजलेला.

"मला कळवायचं नाही का?"

"खाली पडलेला अंगठा तू शिकवलाच नाहीस."

ती आता दवाखान्यात आहे. तुमच्या मोबाइलवर आज कुणाचा अंगठा आला असेल, तर त्यांना हाक मारा. उत्तराचा शेवट ऐका.