बॉनेटवरचे फोड

“हा रंग हाय का उडदाचा पापड?” मालनबाईंनी बॉनेटवर बोट टेकवलं. “घेऊन महिना न्हाई झाला, तर हे फोड. माझ्या पत्र्याच्या पेटीचा रंग लग्नापासनं टिकून हाय.”

वर्कशॉपमध्ये आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलेली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मॅनेजर माधव पानसे कसंनुसं हसले.

“मावशी, आपण केबिनमध्ये बसू या.”

“बसायला आले न्हाई. बोला हितंच.”

“तपासणी झाली. कारखान्यातल्या रंगाला असे फोड येत नाहीत. वरून काहीतरी सांडलंय. त्याला वॉरंटी लागू होत नाही.”

“म्हंजे आमीच आमची गाडी जाळली?”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“मग म्हणा की. पेठेतले ना तुमी? निम्मं बोलायचं, निम्मं गिळायचं.”

मागच्या बाकावरची एक पोरगी फिस्सकन हसली आणि तिनं मोबाइल वर धरला.

वारज्यात जिथं मालनबाईंचा कांदा पिकायचा तिथं आता उंचच्या उंच सोसायटी होती, आणि तिच्यातली पोरं सकाळी हिंजवडीला कंप्युटर बडवायला जायची. जमिनीच्या पैशातनं पहिली गाडी आली ती थोरल्या रविराजला. बायपासवर गाडी आणि तो, दोघं एकदमच संपले. पंचनाम्यात पोलिसांनी दारूचा वास लिहिला. मालनबाईंना सही तेवढी येत होती, ती त्यांनी केली.

धाकट्या अभिनवला गाडी नको, असं त्यांनी परोपरीनं सांगून बघितलं. पोरगा जेवणावर रुसला. “दादा मेला म्हणून मी पण मेल्यागत जगू का?” म्हणाला. चौथी शिकलेल्या या बाईची जीभ तलाठ्याला भ्यायली नव्हती, बिल्डरला भ्यायली नव्हती. पोटच्या पोरापुढं मात्र ती टाळ्याला चिकटली. पांढरीशुभ्र गाडी दारात आली.

आणि लगेच हे फोड.

“एक पोरगं गेलं माझं,” त्या पानसेंना म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. “दुसरं घरात तोंड पाडून बसलंय. तुमाला काय कळायचं?”

पानसेंनी चष्मा पुसला.

“असं करू. रंगाचा निम्मा खर्च आम्ही करतो, निम्मा तुम्ही करा. माझ्या अधिकारात बसवतो.”

मालनबाई दचकल्या. मग त्यांनी पदर सावरला.

“भीक नगं. चूक कंपनीची, असं लिहून द्या.”

“ते देता येणार नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या गाडी हितंच.”

“अहो, गाडी उत्तम चालते. भांडण चालू द्या, तोवर पोराला चालवू द्या की.”

“फोड आलेली नवरी उंबऱ्याच्या आत घेत न्हाई आमी!”

सगळं वर्कशॉप हसलं. मालनबाई ताठ मानेनं बाहेर पडल्या आणि रिक्षात बसल्यावर पदरात तोंड घालून रडल्या.

घरी अभिनव ओट्यावर बसलेला असायचा. गाडी होती तोवर दारात दोस्तांची जत्रा भरायची. आता कुत्रं फिरकत नव्हतं.

“आई, तसलीच चालवतो की. फोडांनी काय इंजिन बंद पडतंय?”

“लोक हसत्यात.”

“हसू दे!”

“तुला लाज न्हाई. मला हाय.”

तो दाणकन दार आपटून आत जायचा. दिवे लागले की मात्र ताटावर यायचा, आईकडं न बघता भाकरी मोडायचा. मालनबाई तव्यापाशी बसून त्याच्याकडं बघत राहायच्या. घराला सुतक लागल्यासारखं झालं होतं. पुढंपुढं तर तो ‘आई’ म्हणेनासा झाला.

आणि एका दुपारी तो ओरडतच घरात शिरला. “आई! तू व्हायरल झालीस!”

“मी काय झाले?”

“त्या पोरीनं तुझं भांडण मोबाइलवर टाकलंय. फोड आलेली नवरी! लाखो लोकांनी बघितलं. कंपनीचा दिल्लीवरनं फोन होता. सगळी गाडी नव्यानं रंगवून देतायत, फुकट! वर माफीपण मागितली. मानलं तुझ्या जिभेला!” त्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. रविराज गेल्यापासनं तो असा हसला नव्हता.

खाली ठेवल्यावर मालनबाईंनी भिंतीचा आधार घेतला.

“जिंकलीस की! रडतीस काय?”

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

गाडी घेऊन पानसे स्वतः आले. गाडीला झेंडूचा हार होता. “मावशी, हरलो बुवा. आमच्या कॉल सेंटरला तुमची शिकवणी लावतो.” कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. मालनबाईंनी त्यांना चहा दिला.

पानसे गेले. दोस्त मोटारसायकलींवरनं जमायला लागले. “आज ढाबा, भावा!” एकानं शिट्टी मारली. “ताम्हिणी घाटापर्यंत ताणायची!”

“तुम्ही व्हा पुढं, कपडे बदलून आलोच,” म्हणत अभिनव आत पळाला. मोटारसायकली धूळ उडवत गेल्या.

अंगणात गाडी एकटीच उन्हात चमकत राहिली. मालनबाई न्हाणीत गेल्या, मोरीमागची ॲसिडची बाटली घेऊन बाहेर आल्या, आणि मागच्या खेपेला उरलेलं सगळंच्या सगळं बॉनेटवर ओतलं.