रिगोचं पथ्य

"सहा महिने? आणि औषध काय?" कालमानने विचारलं.

"हेच औषध," घोड्यांचे डॉक्टर सालाई रिगोच्या पायावरून हात फिरवत म्हणाले. "पायाच्या मागची कंडरा, स्नायूची दोरी, फाटलीय. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं हाताने धरून चालवा. मग दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवा. सहा महिने पाठीवर माणूस नको, पुढ्यात अडथळा नको. घाई केलीत तर ती पुरती तुटेल, आणि मग मला त्याला कायमचं झोपवायची सुई घेऊनच यावं लागेल."

कालमानला राग आला. हंगेरीतल्या केचकेमेटला त्याचा काकडीच्या लोणच्याचा कारखाना होता आणि ईस्टरनंतर घोड्यांच्या उड्यांची मोठी स्पर्धा होती. चालवा म्हणे! चालवायला तर त्याची सासूही सांगते. त्यासाठी कुणी पदवी घेत नाही. डॉक्टर गेले, आणि त्याने तबेल्यातल्या फळीवर नवीन डबे मांडायला सुरुवात केली. सांध्यांसाठी एक मुळी, थकव्यासाठी दुसरी, जोमासाठी तिसरी. अकरा डबे झाले. त्यातल्या दोन डब्यांमुळे घोडा स्पर्धेच्या लघवीतपासणीत बाद झाला असता, पण प्रत्येक डब्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

"दीड महिन्यात उड्या सुरू," त्याने जाहीर केलं.

हे एटेल्काने ऐकलं. तबेला तीच बघायची. रिगो जन्मला तेव्हा त्याचं ओलं अंग तिनेच पेंढ्याने पुसलं होतं. नवऱ्याशी ती दिवसातून चार वाक्यं बोलायची, रिगोशी चाळीस. तिने रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला आणि संध्याकाळी मालकासमोर उभी राहिली.

"मालक, कालव्यापलीकडे बोरिश्काआजी म्हणून एक आहे. झाडपाल्याचं देते. पण राहू द्या, तुम्हाला नाही झेपायचं."

"मला? का?"

"पथ्य फार कडक असतं तिचं. भल्याभल्यांना जमलं नाही."

झालं. शनिवारी कालमानची मोठी गाडी कालव्याच्या चिखलात रुतून उभी होती. बोरिश्काआजीने त्याला तीन तास अंगणातल्या बाकावर बसवून ठेवलं. बदकंही त्याच्याकडे बघेनाशी झाली. मग ती पुडीने भरलेली कापडी पिशवी घेऊन बाहेर आली.

"रोज मूठभर. दुसरं काही चारायचं नाही, सगळे डबे बंद. पूड चालू असेपर्यंत पाठीवर माणूस बसला की ती उलटते, आणि उलटली की घोडा गेलाच समज. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं हाताने धरून चालवायचं. मग दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवायची. शनिवारी मालकाने स्वतः चालवायचं."

"किती दिवस, आजी?" कालमानने टोपी हातात घेऊन विचारलं.

"सहा महिने."

"फक्त?" कालमान म्हणाला.

माणूस पथ्याला असा जागला की बघत राहावं. प्रत्येक शनिवारी भारी बूट घालून तो रिगोचा दोर धरायचा आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत माळावर चालायचा. घोडेस्वाराने एकदा नुसतं सुचवलं, "मालक, एखादा छोटा अडथळा घेऊन बघू या का?" तर कालमान त्याच्या अंगावर धावून गेला. "पूड उलटवतोस काय माझी?" ईस्टरनंतरची स्पर्धा त्याने स्वतःहून सोडली. शिवाय गावाच्या खानावळीत जर्दाळूच्या दारूवर सगळ्यांना समजावलं, की आजकाल लोकांना धीरच नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पाय तपासला. कंडरा जुळली होती. एटेल्का रिगोच्या मानेत तोंड खुपसून रडली. तिला लाज वाटली नाही.

"बघा डॉक्टर," कालमान छाती काढून म्हणाला. "तुम्हाला जमलं नाही ते एका म्हातारीने केलं."

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले आणि पिशवी आवरू लागले. त्यांना अशा अभिनंदनांची सवय होती.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कालमानने खिशातून एक रंगीत कागद काढला. त्यावर रिगोचा फोटो होता, मागे बर्फाचा डोंगर होता. हंगेरीच्या माळावर डोंगर कुठून आला हे छापणाऱ्यालाच ठाऊक. "लोणच्याच्या बरण्या कमी करून ही पूड भरणार. शेजारच्या तीन तबेल्यांनी आत्ताच मागितलीय. त्यांच्याकडेही लंगडे घोडे आहेत."

एटेल्काने कागद उलटा करून पाहिला. "आणि पथ्य? ते कुठे छापलंय?"

"ते काढलं. गिऱ्हाईकाला कटकट नको असते."

एटेल्काला ते तीन तबेले माहीत होते, त्यातल्या घोड्यांची नावंही माहीत होती. नोकरी जाणार हे तिला समजत होतं, तरी ती बोललीच.

"मालक, बोरिश्का माझी सख्खी मावशी आहे. त्या पिशवीत जवस आणि रानगुलाबाची वाळलेली फळं कुटून भरली होती. रिगो कुंपणाकडे चरताना तेच खातो. पूड नुसती नावाला होती. पथ्य डॉक्टरांचं होतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, मी मावशीकडून पाठ करून घेतलं. घोडा पथ्याने बरा झाला."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "खरं आहे. मीच लिहून दिलं होतं."

कालमानने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. चेहरा लाल झाला, मग हळूहळू उजळला. त्याने खाडकन कपाळावर हात मारून घेतला.

"पथ्य डॉक्टरांचं होतं होय? तरीच सहा महिने लागले!"